'पार्सल मिळालेच नाही' : गोव्यातून ऑनलाइन विक्री करणाऱ्या नवख्या विक्रेत्यासाठी

ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड' असे उमटलेले असते आणि त्याच संध्याकाळी ग्राहकाचा संदेश येतो, की पार्सल हाती आलेलेच नाही. नव्या विक्रेत्याच्या मनात अशा वेळी पहिली शंका येते ती ग्राहकाच्या प्रामाणिकपणाची. वास्तविक 'डिलिव्हर्ड' हा शब्द तुम्ही लिहिलेला नसतो आणि ग्राहकानेही लिहिलेला नसतो. अंधार पडण्यापूर्वी पाठीवरची पिशवी रिकामी करायच्या घाईत असलेल्या एका तिसऱ्याच माणसाने तो मोबाइलवर दाबलेला असतो. म्हणून आधी तपासायचा तो हा शब्द. माणसावर शंका घेण्याची वेळ आलीच, तर ती बरीच पुढे येते.

हे मी शिकले ते स्वतःच्या चुकीतून. आमच्या घरगुती व्यवसायाच्या पहिल्याच पावसाळ्यात खोर्लीच्या एका बाईंनी कोकम आगळाच्या दोन बाटल्या मागवल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पत्त्यात पिनकोड नव्हता. मी फोंड्याची, पणजीला जाताना वाटेत लागते ती तिसवाडीतली खोर्ली तेवढी मला ठाऊक, म्हणून ४०३११० हा आकडा मीच घातला. बाई राहत होत्या म्हापशाच्या खोर्लीत, जिचा पिनकोड ४०३५०७ आहे. ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड' आले, बाई नाही म्हणाल्या, आणि मी त्यांना दोन चांगलेच तिखट संदेश पाठवले. चौथ्या दिवशी सहीची प्रत मागवली, तेव्हा ती सही औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या रखवालदाराची निघाली. बाटल्या त्याच्या खोलीत खुर्चीखाली सुखरूप होत्या. कुरिअरवाला पिनकोडप्रमाणे बरोबर गेला होता आणि बाईही खरे बोलत होत्या.

पार्सल बांधण्यापूर्वी

वादाचा निकाल बहुतेक वेळा पार्सल घरातून निघण्यापूर्वीच लागलेला असतो, म्हणून या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवावा.

पत्ता ग्राहकाकडूनच पूर्ण लिहून घ्यावा आणि पिनकोड आपल्या मनाने कधीही घालू नये. गोव्यात ही सूचना दुप्पट लागू पडते, कारण आपली गावांची नावे रोमन लिपीत गेली की ओळखीची राहत नाहीत. साखळी आणि सांगे ही नावे मराठीत कोणी एकमेकांत मिसळणार नाही, पण पोर्तुगीज वळणाच्या रोमन लेखनात ती इतकी जवळ येतात, की बाहेरगावच्या हबवर पार्सले वेगळी करणारा मुलगा डिचोली तालुक्यातले पार्सल सहज दक्षिण टोकाकडे पाठवतो. सासष्टीतले कुंकळ्ळी आणि फोंडा तालुक्यातले कुंकळ्ये यांचीही तीच गत. म्हणून गाव, तालुका आणि पिनकोड या तिन्ही गोष्टी लेबलावर असाव्यात. साखळीला ४०३५०५ आणि सांग्याला ४०३७०४ हे एकदा लिहिले, की नावाचा घोळ झाला तरी आकडा पार्सलाला वाटेवर ठेवतो. घरक्रमांकाचा भरवसा धरू नये, कारण पंचायतीने दिलेले क्रमांक वाड्यावर ओळीने लागलेले असतातच असे नाही. वाड्याचे नाव, जवळचे देऊळ, चॅपेल, खुरीस (क्रूस) किंवा गाडा (टपरीवजा दुकान) अशी एखादी खूण आणि दुसरा मोबाइल क्रमांक मागून घ्यावा.

घरात कोण असते, हेही विचारावे. दुपारी एक ते चार या वेळात कित्येक घरांची दारे बंद असतात आणि दुकानेही मिटलेली असतात. चतुर्थीच्या आठवड्यात तर पणजी-मडगावच्या निम्म्या इमारती मूळ घरी गेलेल्या असतात. त्या दिवसांत पोहोचणारी पार्सले शेजाऱ्याकडे किंवा कोपऱ्यावरच्या गाड्यावर ठेवली जातात आणि मग 'मिळाले नाही' अशा तक्रारींची रांग लागते. चवथीच्या आधीच्या आठवड्यात येणाऱ्या ऑर्डरी मी सण संपल्यावर पाठवते, आणि तसे आधीच कळवते. ज्या घरातला मुलगा बोटीवर किंवा आखातात आहे, त्या घराच्या ऑर्डरीत आणखी एक अडचण असते. ऑर्डर मुलाच्या क्रमांकावरून आलेली असते, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जातो, आणि दारात उभ्या असलेल्या आईला यातले काहीच माहीत नसते. अशा ऑर्डरीत पार्सल घेणाऱ्या व्यक्तीचाच क्रमांक लेबलावर असला पाहिजे.

त्यानंतर पुराव्याची तयारी. पार्सल बांधतानाचा व्हिडिओ एकसलग असावा: वस्तू, बिल, खोक्यात भरणे, चिकटपट्टी, लेबल आणि शेवटी वजनकाट्यावर ठेवलेले बंद खोके. मध्ये कॅमेरा बंद केला, तर त्या व्हिडिओचा उपयोग अर्धा होतो. वजनाला नवीन विक्रेते महत्त्व देत नाहीत, पण माझ्या मते तोच सर्वांत साधा आणि बोलका पुरावा आहे. माझ्या एका पार्सलात खोला मिरची आणि काजू मिळून १ किलो २४० ग्रॅम भरले होते. बुकिंगच्या पावतीवरही तेच वजन होते, पण पुढच्या हबवर नोंदवलेले वजन ७१० ग्रॅम होते. ग्राहकाने रिकामे खोके मिळाल्याचे कळवले तेव्हा काजू कोणत्या टप्प्यावर गेले, हे त्या दोन आकड्यांनीच सांगितले.

कोणत्या मार्गाने पाठवायचे, हे वस्तूच्या किमतीवर ठरवावे. स्पीड पोस्टमध्ये १ ऑक्टोबर २०२५ पासून ओटीपी घेऊनच पार्सल सोपवण्याची सोय आहे आणि तिला प्रति नग ५ रुपये व वर जीएसटी एवढाच जादा आकार पडतो. हे पाच रुपये वाचवणे म्हणजे निव्वळ कद्रूपणा. मात्र स्पीड पोस्टचा नग हरवल्यास मिळणारी भरपाई शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच असते, हे ध्यानात ठेवून महाग वस्तूचा विमा वेगळा उतरवावा. खासगी कुरिअरच्या बाबतीत पावतीच्या मागचा बारीक मजकूर सही करण्यापूर्वी वाचावा. भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये असे ठरवले, की पाठवणाऱ्याने सही केलेल्या पावतीवर कुरिअरच्या जबाबदारीची कमाल मर्यादा लिहिलेली असेल, तर ती त्याच्यावर बंधनकारक ठरते; नुकसान कितीही झालेले असो. माझ्यापुरता नियम असा, की दीड हजार रुपयांवरचे पार्सल ओटीपी आणि विम्याशिवाय जात नाही. ओळखीच्या बसच्या कंडक्टरच्या हाती पार्सल देण्याची आपली जुनी सवय गावातल्या गावात ठीक आहे, परंतु तिच्यात पावती नसते, म्हणून ग्राहकाचे पैसे आधीच घेतलेले असतील तेव्हा ती टाळावी.

ओटीपीबद्दल ग्राहकाला आधीच सांगून ठेवणे आवश्यक आहे. 'तुमचे पार्सल अडकले आहे, या दुव्यावर पाच रुपये भरा' असे सांगून खाते रिकामे करणाऱ्या भामट्यांमुळे लोक सावध झाले आहेत आणि खऱ्या डिलिव्हरी बॉयलाही ओटीपी देत नाहीत. पार्सल परत फिरते आणि दोष विक्रेत्यावर येतो. कोणत्या कंपनीकडून, कोणत्या दिवशी, किती रकमेचे पार्सल येणार आहे आणि ओटीपी फक्त पार्सल हातात आल्यावरच सांगावा, हे चार ओळींत कळवले की हा घोटाळा टळतो.

तक्रार आल्यानंतरचे पहिले दोन दिवस

तक्रार आली की त्याच दिवशी पोच द्यावी. ई-कॉमर्सविषयक ग्राहक संरक्षण नियम, २०२० अन्वये ऑनलाइन बाजारपेठेवरून विकणाऱ्या विक्रेत्याने ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि तिचे निवारण एक महिन्याच्या आत करणे अपेक्षित आहे. तुमची विक्री इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून चालत असली, तरी हेच वेळापत्रक पाळावे, कारण पुढे वाद वाढला तर तुमचे वर्तन याच मापाने मोजले जाईल. पोच देताना दोष कबूल करू नये आणि आरोपही करू नये. मी साधारण असे लिहिते :

'नमस्कार. आपले पार्सल आपल्याला मिळाले नसल्याची तक्रार मी आज नोंदवून घेतली आहे. कुरिअरच्या नोंदीत ते काल दुपारी ३.४० वाजता पोहोचल्याचे दिसते, म्हणून कोणाच्या सहीने व कोणत्या जागी ते दिले गेले याची लेखी माहिती मी मागवली आहे. दरम्यान घरातील इतर मंडळी, शेजारी, इमारतीचा रखवालदार आणि जवळचे दुकान येथे कृपया एकदा विचारून पाहावे. परवा संध्याकाळपर्यंत मी आपल्याला पुढची माहिती कळवीन.'

या मजकुरात तारीख, वेळ आणि पुढच्या उत्तराची मुदत आहे; राग नाही. 'तुम्ही घेऊन नाही म्हणताय' किंवा 'आमचे काम कुरिअरला देण्यापर्यंतच' अशी वाक्ये लिहिण्याचा मोह होतो, पण हा प्रत्येक संदेश उद्या ग्राहक आयोगापुढे वाचला जाऊ शकतो. फोनवर बोलणे झाले, तर त्यात काय ठरले ते लगेच संदेशाने लिहून पाठवावे. ग्राहकाकडून मात्र तक्रार लेखी घ्यावी आणि पार्सल मिळाले नाही, की खोके मिळाले पण आत वस्तू नव्हती, हे त्याच्याच शब्दांत स्पष्ट करून घ्यावे. ही दोन प्रकरणे पूर्णपणे वेगळी आहेत; दुसऱ्यात खोक्याचे सहाही बाजूंचे फोटो आणि लेबलावरचे वजन लागते.

कुरिअरकडून काय मागावे

टोल-फ्री क्रमांकावरची मुलगी 'आमच्याकडे डिलिव्हर्ड दाखवतंय' एवढेच सांगेल, आणि ते तर तुम्हालाही दिसत असते. ईमेलने तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा आणि पार्सल कोणी घेतले त्याचे नाव, सही किंवा फोटो, ओटीपी वापरला असल्यास त्याची वेळ, पार्सल सोपवताना मोबाइलने नोंदवलेले ठिकाण, आणि प्रत्येक हबवरचे वजन असे सर्व एकदमच मागावे. टपाल खात्याच्या बाबतीत तक्रार संकेतस्थळावर किंवा १८०० २६६ ६८६८ या क्रमांकावर करता येते. पण लहान गावात प्रत्यक्ष त्या टपाल कार्यालयात फोन करून पोस्टमनशीच बोलणे हा मला सर्वांत जलद मार्ग वाटतो, कारण त्याला वाड्यावरचे प्रत्येक घर ठाऊक असते.

आलेला पुरावा नीट वाचावा. सहीच्या जागी नुसती आडवी रेघ असेल, घेणाऱ्याचे नाव 'सेल्फ' असेल, किंवा एकाच मिनिटात दहा पार्सले पोहोचल्याची नोंद असेल, तर ती नोंद रस्त्यात कुठेतरी उभे राहून केलेली असते. फोटोतले दार ग्राहकाला दाखवावे. स्वतःचे दार माणूस क्षणात ओळखतो, आणि शेजाऱ्याचेही. एका चतुर्थीला माझे एक पार्सल मडगावात 'डिलिव्हर्ड' दिसत होते आणि ग्राहक काणकोणला मूळ घरी होते. फोटोत निळी फळी आणि केळ्यांचा घड दिसत होता. त्यांनी फोटो पाहताच तो आपल्या इमारतीखालचा गाडा असल्याचे सांगितले; गाडेकारही चवथीला गेला होता, आणि नऊ दिवसांनी त्याने फळी उघडली तेव्हा पार्सल मिळाले. मध्ये मी घाईने पैसे परत केले असते, तर ते परत मागणे दोघांनाही अवघड झाले असते.

ओटीपीने पार्सल सोपवल्याची नोंद असेल, तर विक्रेत्याची बाजू भक्कम असते. तरीही ओटीपी कोणाच्या क्रमांकावर गेला आणि फोनवरून विचारून घेतला गेला होता का, हे पाहावे. काही डिलिव्हरी बॉय येण्याआधीच फोन करून ओटीपी घेतात आणि पार्सल 'नंतर आणतो' म्हणतात.

पैसे परत द्यायचे की नाही

'माल कुरिअरकडे दिला, म्हणजे ग्राहकाला दिला' या समजाला कायद्यात थोडा आधार आहे. वस्तुविक्री अधिनियम, १९३० चे कलम ३९ असे सांगते, की ग्राहकाकडे पोहोचवण्यासाठी माल वाहकाच्या ताब्यात दिला, की तो सकृतदर्शनी ग्राहकालाच दिला असे मानले जाते. परंतु 'सकृतदर्शनी' हा शब्द तेथे उगाच आलेला नाही, आणि त्याच कलमात विक्रेत्याने वाहकाशी वाजवी करार केला पाहिजे अशीही अट आहे. कुरिअर तुम्ही निवडलेले असते, पावतीवर सही तुमची असते आणि ग्राहकाचा व्यवहार फक्त तुमच्याशी झालेला असतो. म्हणून ग्राहक आयोगापुढे या एका कलमावर विसंबून राहू नये.

व्यवहारात मी असे करते. पोहोचल्याचा पुरावा कुरिअर देऊ शकले नाही किंवा तो उघडच कच्चा असला, तर ग्राहकाला दुसरे पार्सल किंवा परतावा, यांपैकी त्याला हवे ते लगेच द्यावे आणि कुरिअरशी आपले भांडण आपण स्वतंत्रपणे लढावे. रक्कम लहान असेल, ग्राहक जुना असेल आणि पुरावा दोन्ही बाजूंनी अर्धवट असेल, तरीही मी पैसे देते. तीनशे रुपयांच्या सोलांसाठी महिनाभर पत्रव्यवहार करणे परवडत नाही. पुरावा पक्का असेल, तर तो ग्राहकाला पाठवून सभ्य शब्दांत नकार द्यावा. परतावा ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने करावा. 'माझ्या भावाच्या यूपीआयवर पाठवा' ही विनंती मान्य करू नये, कारण मूळ खात्याला पैसे परत गेल्याची नोंद तुमच्याकडे राहत नाही. दुसरे पार्सल पाठवताना, पहिले सापडल्यास ते परत करण्याची ग्राहकाची लेखी संमती घ्यावी. जीएसटी नोंदणी असलेल्यांनी परताव्यासोबत क्रेडिट नोट काढावी. तसेच हरवलेल्या मालावर घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) खाली मिळत नाही, म्हणून ते उलटवण्याविषयी हिशेबनिसाला सांगावे.

चार्जबॅक आणि फसवणूक

कार्डाने पैसे दिलेला ग्राहक तुमच्याशी न बोलता थेट आपल्या बँकेकडे जाऊन पैसे परत मागू शकतो; यालाच चार्जबॅक म्हणतात. व्हिसा कार्डाच्या नियमांत 'माल मिळाला नाही' या कारणाला १३.१ हा क्रमांक आहे आणि अशी तक्रार माल मिळायची तारीख उलटल्यापासून साधारणपणे १२० दिवसांपर्यंत करता येते. तुमच्या पेमेंट गेटवेकडून त्याची सूचना ईमेलने येते व उत्तराला मोजकेच दिवस मिळतात. ती ईमेल जाहिरातींच्या ढिगात हरवली, तर पुरावा हाताशी असूनही पैसे जातात. उत्तरात बिल, बुकिंगची पावती, पार्सल पोहोचल्याचा पुरावा आणि ग्राहकाशी झालेले संदेश क्रमाने जोडावेत. चार्जबॅक सुरू असताना वेगळा परतावा कधीही करू नये, नाही तर एकाच मालाचे पैसे दोनदा जातात.

काही ग्राहक फसवतात, हे खरे आहे. पार्सल निघाल्यावर पत्ता बदलायला सांगणे, निरनिराळ्या नावांनी एकाच क्रमांकावरून ऑर्डर करणे, आणि फोटो-सही दाखवताच तक्रारीचा मजकूर बदलणे, ही लक्षणे एकत्र दिसली तर सावध व्हावे. त्यांपैकी एकच लक्षण दिसले, तर त्यावरून काही ठरवू नये. रक्कम मोठी असेल आणि पुरावा ठोस असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार पोलिसांत करता येते; दुव्यावरून खात्यातले पैसे गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. परंतु त्या ग्राहकाचे नाव, क्रमांक आणि पत्ता विक्रेत्यांच्या गटांत फिरवू नये. संशय चुकीचा निघाला तर बदनामीच्या दाव्यात आरोपी तुम्ही असाल.

प्रकरण आयोगापर्यंत गेल्यास

ग्राहक आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करील. तेथे बरीच प्रकरणे एका नीट उत्तराने मिटतात, म्हणून त्या संदेशाकडे दुर्लक्ष करू नये. त्यापुढे जिल्हा आयोग येतो. उत्तर गोव्याचा आयोग पर्वरीला आणि दक्षिण गोव्याचा मडगावला आहे, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार ग्राहक स्वतः राहतो तेथेही तक्रार दाखल करू शकतो. म्हणजे काजू नागपूरला पाठवले असतील, तर उत्तर नागपूरला द्यावे लागेल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला दाखल शुल्क नाही, म्हणून रक्कम लहान आहे तेव्हा कोणी जाणार नाही असे समजू नये. नोटीस मिळाल्यावर लेखी उत्तराला ३० दिवस आणि आयोगाने वाढवून दिले तर आणखी १५ दिवस मिळतात. ही ४५ दिवसांची मर्यादा ओलांडता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी दिला आहे. 'चतुर्थी होती', 'वकील मिळाला नाही' ही कारणे तेथे चालत नाहीत.

कुरिअरविरुद्ध तुम्हालाही हाच मार्ग खुला असू शकतो. व्यापारी कारणासाठी सेवा घेणारा एरवी 'ग्राहक' ठरत नाही, मात्र स्वयंरोजगारातून केवळ स्वतःची उपजीविका चालवणाऱ्याला कायद्याने या नियमातून सूट दिली आहे, म्हणजे तो 'ग्राहक' ठरतो, आणि घरातून आगळ-पापड विकणाऱ्या बहुतेक बायका याच वर्गात मोडतात. माल रस्तावाहतूकदाराकडे दिला असेल, तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस देणे २००७ च्या कायद्याने आवश्यक आहे.

तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची असल्याने व्हिडिओ, पावत्या आणि संदेश तेवढा काळ जपावेत. ऑर्डर क्रमांकाच्या नावाने एकेक फोल्डर करून त्याची प्रत दुसऱ्या ठिकाणीही ठेवावी. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट पुरावा म्हणून द्यायचे असतील, तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र सोबत मागितले जाऊ शकते आणि त्यात संदेश कोणत्या उपकरणावर होते ते लिहावे लागते. तेव्हा नवा मोबाइल घेतला, तरी ज्यावर चालू वादाचे संदेश आले तो जुना मोबाइल एक्स्चेंजमध्ये देऊ नये.